तळ्याच्या गाळातले तेल

खनिज तेल म्हटले की मराठी माणसाला आधी समुद्र आठवतो. 1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने अरबी समुद्रात मुंबई हायचे तेल शोधले, तेव्हापासून ही जोडी मनात घट्ट बसली आहे. डायनासोर मेले, कुजले आणि त्यांचे तेल झाले, ही गोष्टही लहानपणापासून ऐकलेली असते. राजस्थानातल्या बाडमेरचे तेल या दोन्ही समजुती खोट्या ठरवते.

तिथले मंगला हे तेलक्षेत्र जानेवारी 2004 मध्ये सापडले. हे तेल बरणीत भरून टेबलावर ठेवले तर थोड्या वेळात थंडीतल्या तुपासारखे थिजते, रंग मात्र काळपट तपकिरी. बरणी आडवी केली तरी ओघळत नाही. साधारण 40 अंश सेल्सिअसच्या वर तापवावे, तेव्हा कुठे ते वाहू लागते. म्हणूनच गुजरातेतल्या सलायापर्यंतची सुमारे 600 किलोमीटरची पाइपलाइन वेष्टन घालून, विजेच्या साहाय्याने सतत गरम ठेवावी लागते.

हा मेणचटपणा तेलाने आपल्या जन्मस्थानाहून आणला आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन ताणली जाऊन खचली आणि त्या खोलगट पट्ट्यात तळी साचली. थरचे वाळवंट त्या मानाने अगदी अलीकडचे. तळ्यातल्या सूक्ष्म शेवाळांत आणि काठच्या झाडांच्या पानांवरच्या मेणात कार्बनच्या लांबलचक साखळ्या असतात. त्या गाळात गेल्या आणि तेलात उतरल्या. डायनासोरांचा इथे संबंधच नाही. हा गाळ साचत होता तेव्हा ते नाहीसे झालेले होते.

मग प्रत्येक तळ्याचे तेल का होत नाही? बहुतेक ठिकाणी मेलेले शेवाळ कुजून संपते. ते टिकायला तळाशी प्राणवायू नसलेले, न घुसळले जाणारे पाणी लागते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात हे आजही दिसते. खोली जवळजवळ 1,470 मीटर, पण प्राणवायू वरच्या 100 ते 200 मीटरपर्यंतच. त्याखाली मासा जगत नाही आणि गाळ उकरणारा किडाही नाही.

असा गाळ दबून शेल खडक होतो. त्यातल्या सेंद्रिय द्रव्याला केरोजेन म्हणतात. खडक आणखी खोल जाऊन साधारण 60 ते 120 अंशांपर्यंत तापला की केरोजेन फुटून तेल सुटते. त्याहून जास्त तापला तर वायू. जमिनीखाली तेलाचे तळे भरलेले असते, हा समजही सोडायला हवा. मंगलाचे तेल फतेहगढ वालुकाश्माच्या कणांमधल्या फटींत भरलेले आहे, भिजलेल्या विटेत पाणी असते तसे.

समुद्राच्या हट्टापायी चीनचेही चुकीचे निदान झाले होते. समुद्री थर कमी, म्हणून तिथे फारसे तेल नाही, असे अनेक परदेशी तज्ज्ञ मानत. पान चुंगश्यांग या भूवैज्ञानिकाने 1941 साली लेख लिहून समुद्राविनाही तेल बनते असे मांडले. 1959 मध्ये ईशान्य चीनमधल्या सोंगल्याओ खोऱ्यात ताचिंग हे तेलक्षेत्र सापडले. त्याचा उगमखडक म्हणजे क्रिटेशस काळातल्या विशाल सरोवराचा शेल. 1976 ते 2002 या काळात त्या एका क्षेत्राने दरवर्षी पाच कोटी टनांहून अधिक तेल दिले.

उलट टोकाचा गैरसमज अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर शेलबद्दल आहे. कोलोरॅडो, यूटा आणि वायोमिंगमधल्या, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांचा हा गाळ. त्याची चकती हातात घेतली तर फिकट आणि गडद रेघा वहीच्या पानांसारख्या एकावर एक दिसतात. मध्येच बोटभर लांबीचा नाइटिया मासा, काट्यांसकट. या खडकात चार लाख कोटी बॅरलांहून अधिक तेल असल्याचे आकडे छापून येतात. ते खरे असले तरी अपुरे आहेत, कारण बहुतांश थर पुरेसे तापलेलेच नाहीत. त्यांत तेल नाही, केरोजेन आहे. निसर्गाने कोट्यवधी वर्षे मंद आचेवर करायचे काम माणसाला भट्टीत 500 अंशांच्या आसपास उरकावे लागते, आणि तो खर्च परवडत नाही. 2 मे 1982 रोजी एक्सॉन या तेल कंपनीने शेलमधून तेल काढायचा कोलोरॅडोतला कॉलनी प्रकल्प गुंडाळला आणि दोन हजारांहून अधिक कामगार एका दिवसात बेकार झाले.

यूटातल्या युइंटा खोऱ्यात मात्र हेच थर खोल गाडले गेले आणि तिथे खरेखुरे तेल तयार झाले. तेही बाडमेरसारखेच मेणचट. सॉल्ट लेक सिटीच्या रिफायनऱ्यांकडे निघालेले टँकर ते थिजायच्या आत, गरम असतानाच पोहोचवतात.