शाळेतली क्रेडिट्स आणि बदललेली युनिव्हर्सिटी

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत वाढला. अमेरिकेत शाळेत असतानाच कॉलेजच्या लेव्हलच्या एपी परीक्षा देता येतात. कॉलेज बोर्ड त्या मे महिन्यात घेतं, स्कोअर 1 ते 5. भावाला कॅल्क्युलस बीसीत 4 मिळाले आणि त्याच्या युनिव्हर्सिटीने दोन सेमिस्टरचं मॅथ्स माफ केलं. (आपली एम-वन, एम-टू आठवून जळू नका!)

वर्षाने त्याने युनिव्हर्सिटी बदलली. नवीवाल्यांनी एकच सेमिस्टर माफ केलं. आता मार्कशीटवर क्रेडिट छापलंय म्हणजे झालं, असं कोणालाही वाटेल. पण तो विषय जुन्या युनिव्हर्सिटीने शिकवलेलाच नसतो, फक्त स्कोअर मान्य केलेला असतो. म्हणून नवी युनिव्हर्सिटी सहसा कॉलेज बोर्डाकडून स्कोअर मागवते आणि स्वतःच्या नियमाने मोजते. आणि नियम तरी किती तऱ्हांचे! युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 3 पासून क्रेडिट देते, पण त्यातून कुठला विषय सुटणार ते ज्या त्या कॅम्पसवर. त्याच राज्यातलं कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही.

खरी मेख पुढे आहे. कधी क्रेडिट मिळतं, पण ते इलेक्टिव्हच्या खात्यात जातं. ब्रँचला लागणारं फिजिक्स तसंच डोक्यावर, आणि ते झाल्याशिवाय पुढचे विषय घेता येत नाहीत. एक सेमिस्टर वाढलं तर फी डॉलरमध्ये भरायची, राव!

तेव्हा तिकडे तुमचं कोणी ट्रान्सफर घेत असेल तर त्याला सांगा, किती क्रेडिट्स मिळतील हे विचारू नकोस, ब्रँचचे कुठले विषय सुटतील ते विचार. तेही ॲडमिशन पक्की करायच्या आधी, आणि लेखी.