काट्यापेक्षा कावा मोठा

कोरोनाचं चित्र काढ म्हटलं की लहान मूलही काटेरी चेंडू काढून मोकळं होतं. पण त्या काट्यांचं काम पेशीच्या दारातच संपतं. काटा आपल्या श्वसनमार्गातल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, टीएमपीआरएसएस-२ नावाचं विकर त्या काट्याला छेद देतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं. गंमत म्हणजे हे विकरही आपलंच!

खरा कावा आत शिरल्यावरचा. विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा आरएनए स्वतःच्या प्रती काढू लागला की लांबलचक दुपदरी धागे तयार होतात. निरोगी पेशीत असे धागे सहसा सापडत नाहीत. म्हणून एमडीए-५ सारखी पहाऱ्यावरची प्रथिनं ते लगेच ओळखतात आणि पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते.

नेमका हाच इशारा सार्स-कोव्ह-२ हा कोविडचा विषाणू दाबून टाकतो. प्रती काढायचं काम तो दुहेरी पटलाच्या फुग्यांत, नजरेआड उरकतो. आपल्या आरएनएच्या टोकाला अगदी मानवी धर्तीची रासायनिक टोपी चढवतो. सर्वांत बेरकी मात्र एनएसपी-१ हे प्रथिन. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममध्ये आरएनए ज्या वाटेने ओवला जातो, त्या वाटेतच ते आपलं शेपूट खुपसून बसतं. इंटरफेरॉन बनवण्याचा आदेश निघतो, पण त्याची अंमलबजावणी खोळंबते. विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला मात्र एक ठरावीक वळी असते. त्यामुळे संचारबंदीत पासवाली गाडी सुटावी तसा तो आरएनए सुटतो. एवढ्यातूनही थोडं इंटरफेरॉन निसटलंच, तर त्याचा निरोप पेशीकेंद्रकाच्या दारात अडवायला ओआरएफ-६ हे प्रथिन तयारच असतं.

या सुरुवातीच्या शांततेची किंमत किती मोठी असते, हे २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या एका अभ्यासातून दिसलं. कोविडने गंभीर न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजारावर निभावलेल्या ६६३ जणांत ती एकातही नव्हती. त्या १०१ जणांत ९५ पुरुष होते.