नारळ मेट्रोला, भाडेवाढ बसला

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये माझी एक पक्षकार राहते. पूर्वी तिची झोपडी रेल्वेच्या रुळालगत होती. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात ती पाडली गेली आणि पुनर्वसनाच्या इमारतीत तिला खोली मिळाली. शहराच्या वाहतुकीसाठी जिने घर सोडले, तिला धुण्याभांड्याच्या कामावर जायला आता दोन बस बदलाव्या लागतात. जाऊन-येऊन चार तिकिटे. ९ मे २०२५ पासून बेस्टने किमान भाडे पाचाचे दहा रुपये केले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर ५२० रुपयांचे १,०४० झाले. ती म्हणाली, "वकीलसाहेब, मेट्रोला पैसा आहे, मग आमच्या बसलाच का नाही?"

उत्तर शोधायला मी निवडणुकांच्या तारखा काढून बसलो.

२४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईत मेट्रो-२ ब आणि मेट्रो-४ यांचे भूमिपूजन झाले. त्याच दिवशी पुण्याच्या मेट्रोचेही झाले. ११ जानेवारी २०१७ रोजी महापालिका निवडणुका जाहीर झाल्या. ७ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत आणखी तीन मेट्रो मार्गांचे भूमिपूजन झाले आणि २१ सप्टेंबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी मेट्रो-३ च्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन आणि ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोचे भूमिपूजन एकाच दौऱ्यात उरकले. दहा दिवसांनी आचारसंहिता लागली.

हा एकाच पक्षाचा रोग आहे, असे कोणी समजू नये. काँग्रेस आघाडीच्या सरकारने १ फेब्रुवारी २०१४ रोजी मोनोरेलला झेंडा दाखवला, तेव्हा लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. त्याच मोनोचा दुसरा टप्पा भाजप-सेनेच्या सरकारने ३ मार्च २०१९ रोजी सुरू केला. १० मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. दोन सरकारे, दोन निवडणुका, एकच गाडी! प्रवासी मात्र तिला कधी पुरेसे मिळाले नाहीत. शेवटी २० सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी ती बंद करावी लागली.

या तारखा अशा का जुळतात? निवडणूक जाहीर झाली की आदर्श आचारसंहितेनुसार मंत्र्यांना कोनशिला बसवता येत नाही आणि नव्या निधीची घोषणाही करता येत नाही. पण आदल्या दिवशी फोडलेल्या नारळाला आचारसंहिता हात लावत नाही. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात सगळी धावपळ होते. शिवाय कोनशिला म्हणजे करार नव्हे. अमुक वर्षांत काम पूर्ण करू, अमुक रक्कम दरवर्षी ठेवू, असे कोणतेही बंधन तिच्यातून निर्माण होत नाही. ज्या मेट्रो-२ ब चे शेवटचे टोक मानखुर्दशेजारच्या मंडाळ्यात आहे, तिच्या भूमिपूजनाला मे २०२५ मध्ये साडेआठ वर्षे होत आली होती. बसभाडे वाढले त्या दिवसापर्यंत त्या मार्गावर एकही तिकीट फाटले नव्हते.

ठाण्याचे पाहा. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला सुमारे १२,२०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हे शहर आणि समोर विधानसभा. ठाण्याला मेट्रो नको, असे माझे म्हणणे नाही. संध्याकाळी घोडबंदर रोडला अडकलेला कोणीही माणूस तसे म्हणणार नाही. पण गरज बारमाही असताना मंजुरी निवडणुकीच्याच हंगामात का पिकते?

बसचे दुखणे असे की तिच्यासाठी कोनशिला बसवता येत नाही. तिला दरवर्षी डिझेल लागते, वीज लागते, चालक-वाहकांचे पगार लागतात. त्या खर्चाचा फोटो निघत नाही. मेट्रो-३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या पुढे गेला, त्याला तोटा म्हटले गेले नाही. बेस्टच्या तुटीला मात्र तोटाच म्हणतात. मग स्वतःच्या गाड्या भंगारात काढायच्या, कंत्राटदाराच्या गाड्या आणायच्या आणि थांब्यावरच्या बाईला तिष्ठत ठेवायचे.

निवडणुकीचा फायदा बसलाही एकदा झाला, हे कबूल केले पाहिजे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे आठाचे पाच रुपये केले. ऑक्टोबरात विधानसभेचे मतदान होते. तेव्हा पालिकेत नगरसेवक होते, बेस्ट समिती होती, आणि पालिकेने अनुदानही दिले. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. आपल्याकडे मुंबईकरांनी पुढचे मतदान केले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. निवडणुकीची अधिसूचना चार आठवड्यांत काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला होता. तिसऱ्या दिवशी भाडेवाढ लागू झाली. जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. विधानसभेची मते तर नोव्हेंबर २०२४ मध्येच पेटीत पडून गेली होती.

आता नगरसेवक आहेत. मानखुर्द, गोवंडी, ट्रॉम्बे, वाशीनाका येथील कार्यकर्त्यांनी कोणत्याही पक्षाची भीड न धरता एक काम करावे. आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक बसमार्गावर मार्च २०२२ मध्ये रोज किती फेऱ्या होत्या आणि आज किती आहेत, हे माहितीच्या अधिकारात मागवावे. उत्तर हाती आले की ते नगरसेवकाच्या टेबलावर ठेवावे आणि पालिकेच्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी किती रक्कम मागितली, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. अर्जाची फी दहा रुपये आहे. वाढलेल्या भाड्याचे एक किमान तिकीट तेवढ्यालाच येते.