सिस्टर बदलून जातात तेव्हा

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मूल तीन वर्षांचं झालं, की शेजारीपाजारी एकच चौकशी, ‘कॉन्व्हेंटला नंबर लागला का?’ बीड, लातूर, सातारा, जळगावहून तेव्हाच्या टेल्कोत, बजाजमध्ये नोकरीला आलेली पिढी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे घोकून मोठी झाली. पण मुलांच्या फॉर्मसाठी मात्र पहाटेपासून रांगेत उभी राहिली. आता तेच चाकणला दिसतं. शाळेची शिस्त, इंग्रजी, निकाल सगळं आपल्याला तोंडपाठ. शाळा चालवणाऱ्या सिस्टर्सबद्दल मात्र ‘कडक आहेत हो!’ यापलीकडे आपल्याला काय ठाऊक असतं?

या बायका तीन व्रतं घेतात. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पगार झाला तरी तो त्यांच्या संघाकडे जमा होतो. वरून निरोप आला, की बॅग भरून निघायचं. (आपल्याला गल्ली बदलायची तरी टेम्पो लागतो!) माझ्या ओळखीच्या एक सिस्टर शाळा सुटल्यावर पत्र्याच्या वस्तीतल्या मुलींना शिकवायच्या. त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही आयांनी रेशमी साडीसाठी वर्गणी काढली. त्या हसून म्हणाल्या, ‘‘नेसू कधी गं मी ही? त्यापेक्षा मुलींना वह्या घ्या.’’ घेतल्या आम्ही.

निगडीच्या सेंट उर्सुला शाळेची पाटी आपण रोज पाहतो. त्या नावामागची गोष्ट मला फार आवडते. इटलीतल्या ब्रेशिया गावी १५३५ मध्ये अँजेला मेरिची नावाच्या बाईनं काही मैत्रिणींना घेऊन सेंट उर्सुलाच्या नावानं एक मंडळ काढलं. तेव्हा बाईपुढे वाटा दोनच, लग्न नाहीतर मठ. या जणी मठात गेल्या नाहीत, वेगळा वेशही घेतला नाही. आपापल्या घरी राहून व्रतस्थ झाल्या. पुढे याच परंपरेतून देशोदेशी मुलींच्या शाळा निघाल्या.

‘त्याग’ हा शब्द मी जरा जपूनच वापरते. आपल्याकडे तो बायकांच्या गळ्यात न विचारताच अडकवतात. शिळी पोळी तिची, अर्धवट शिक्षण तिचं, आणि वर कौतुक, ‘किती सोसते बिचारी!’ सिस्टर्सनी तो स्वतः निवडलेला असतो. हा फरक मला मोठा वाटतो.

आणि निवडलेल्या वाटेवरही माणूस अडतोच. सिस्टर ल्युसी कुरियन मूळच्या केरळच्या. होली क्रॉस संघाच्या सिस्टर म्हणून पुण्यात महिलांसाठीच्या संस्थेत काम करत होत्या. १९९१ मध्ये एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली. नवरा जीव घेईल म्हणत होती. तिला तिथल्या तिथे ठेवून घेणं सिस्टरांच्या हातात नव्हतं. ‘उद्या ये’ म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. सिस्टर धावल्या, तिला दवाखान्यात नेलं; पण ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

तो ‘उद्या’ त्यांना झोपू देईना. अखेर १९९७ मध्ये वढू बुद्रुकला त्यांनी घर उभं केलं. जात-धर्म न विचारता बायका-मुलांना तिथे थारा मिळू लागला. मल्याळी बाईनं घराला नाव दिलं अस्सल मराठी, ‘माहेर’.

आमच्या बचत गटाच्या बायका संभाजीमहाराजांच्या समाधीला वढूला जातात, तेव्हा हल्ली गाडी माहेरशीही थांबवतो. मागच्या खेपेला परतताना आमच्यातली एक जण वाटभर गप्प होती. चाकणच्या तळेगाव चौकात उतरताना म्हणाली, ‘‘ताई, तिथला पत्ता लिहून द्या मला. नणंदेजवळ देऊन ठेवते.’’