संबंधानंतरचं आजारपण : लाज नको, नोंद हवी

आजचा विषय नवरा-बायकोच्या खोलीतला आहे. घरात मुलं किंवा वडीलधारी माणसं बसली असतील तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका. आज ज्या आजाराबद्दल सांगणार आहे तो फार कमी लोकांना होतो. पण ज्या घरात होतो तिथे कामाला खाडे पडतात, नवरा-बायकोत अबोला येतो आणि बोल मात्र बाईला लागतो.

मला हा आजार कसा कळला ते आधी सांगते. मी बचत गटांचं काम बघते. आमच्या एका गटातल्या ताईंचा कर्जाचा हप्ता कधी चुकला नव्हता. मग तो मागेपुढे व्हायला लागला. बैठकीत विचारलं तर म्हणाल्या, "हे टेम्पोवर जातात. पण मधूनच कणकण येते, अंग मोडून येतं, तीन-चार दिवस उठवत नाही. मग आपोआप बरे होतात." रक्त, लघवी, साखर, थायरॉइड, सगळं तपासून झालं होतं. रिपोर्ट चांगले होते. बाकीच्या बायका गेल्यावर त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? आम्ही जवळ आलो की हे आजारी पडतात. दर वेळी. सासूबाईंच्या पण लक्षात आलंय. त्या म्हणतात, तूच माझ्या पोराचं रक्त शोषतेस."

त्यांचं नाव-गाव मी सांगणार नाही. एवढं सांगते तेही त्यांना विचारून. तेव्हा मला या आजाराची काहीच माहिती नव्हती. मी एवढंच म्हटलं, "ताई, कर्जाची नोंद आपण वहीत ठेवतो ना, तशी याचीही ठेवा. तारीख घालून." पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी आजार समजून घेऊ.

आजार काय आहे?

संबंधानंतर थोडा थकवा येणं, झोप लागणं हे सगळ्यांनाच होतं. त्याला आजार म्हणत नाहीत. पण काही थोड्या पुरुषांना वीर्य बाहेर पडल्यावर लगेच किंवा काही तासांत फ्लू झाल्यासारखं होतं. अंग दुखतं, हातापायातली शक्ती जाते, कणकण येते, घाम येतो. नाक चोंदतं किंवा वाहतं, डोळे चुरचुरतात. डोकं चालत नाही, साधी गोष्ट आठवत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. चिडचिड होते, मन खचतं. हे सगळं प्रत्येकाला होतं असं नाही. कुणाला यातलं एक-दोन होतं, कुणाला बरंच काही. आणि काही दिवसांनी ते आपोआप जातं.

डॉक्टर याला पोस्ट ऑर्गॅझमिक इलनेस सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात पॉइस. आपण त्याला संबंधानंतरचं आजारपण म्हणू. पण हे संबंधानंतरच होतं असं नाही. हस्तमैथुनानंतर होतं. झोपेत आपोआप वीर्य गेलं तरी होतं. म्हणजे त्या रात्री बायको माहेरी असली तरी होतं. हे वाक्य घरातल्या सासूबाईंसाठी पुन्हा सांगते : बायको माहेरी असली तरी होतं. त्यात बायकोचा पायगुण नाही आणि तिचा दोषही नाही.

बायकांमध्येही तृप्तीच्या क्षणानंतर अशी लक्षणं दिसल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. पण आजवरची बहुतेक माहिती पुरुषांचीच आहे.

डॉक्टरांना कसा कळला?

२००२ साली नेदरलँड्समधल्या मार्सेल वाल्डिंगर आणि डेव्ह श्वाइट्झर या दोन डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि आजाराला हे नाव दिलं. २०११ साली वाल्डिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४५ पुरुषांचा अभ्यास मांडला. त्यात त्यांनी आजार ओळखायच्या पाच खुणा सांगितल्या. त्या अशा :

पहिली, मघाशी सांगितलेल्यांपैकी एक किंवा जास्त लक्षणं असतात.
दुसरी, ती वीर्य बाहेर पडल्यावर लगेच, काही मिनिटांत किंवा काही तासांत सुरू होतात.
तिसरी, हे एखाद्या वेळी होत नाही. नेहमी किंवा जवळजवळ नेहमी होतं. दहापैकी नऊहून जास्त वेळा.
चौथी, बहुतेक लक्षणं दोन ते सात दिवस टिकतात.
पाचवी, ती आपोआप जातात.

या पाच खुणा नीट बघा. यातली एकही रक्ताच्या तपासणीत दिसणारी नाही. केव्हा सुरू झालं, किती दिवस राहिलं, किती वेळा झालं, एवढंच त्यात विचारलं आहे. म्हणून रिपोर्ट चांगले आले तरी माणूस ढोंग करतो असा अर्थ होत नाही. आणि म्हणूनच वहीची गरज आहे.

कारण काय?

कारण अजून नक्की सापडलेलं नाही. वाल्डिंगर यांचं म्हणणं होतं की या पुरुषांच्या शरीराला त्यांच्या स्वतःच्याच वीर्याची अॅलर्जी असते. त्यांनी ३३ पुरुषांच्या त्वचेवर त्यांच्याच पातळ केलेल्या वीर्याची चाचणी घेतली, तर २९ जणांच्या त्वचेवर प्रतिक्रिया दिसली. पुढे चीनमधल्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची तपासणी केली, तेव्हा त्यांना अॅलर्जीचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही.

उपचारांचंही तसंच आहे. सगळ्यांना लागू पडेल असं ठरलेलं औषध नाही. कुणाला अॅलर्जीच्या गोळ्यांनी, कुणाला सूज-वेदना कमी करणाऱ्या गोळ्यांनी, कुणाला नैराश्यावरच्या औषधांनी थोडा आराम पडल्याच्या नोंदी आहेत. कुणाला काहीच फरक पडलेला नाही. नेदरलँड्समध्ये दोन पुरुषांना त्यांच्याच वीर्याची अगदी थोड्या प्रमाणात इंजेक्शनं बरेच महिने दिली आणि त्यांचा त्रास कमी झाला. पण ती दोनच माणसं. घरी किंवा गावातल्या कुणाकडे असलं काही करून घेऊ नका. दुखण्याच्या गोळ्याही मेडिकलमधून मनाने आणून रोज घेऊ नका. त्याने पोट आणि किडनी बिघडते.

धातू जाण्याची भीती वेगळी

आता आपल्याकडची एक मोठी अडचण. इतक्या थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, वीर्य गेलं की माणूस खंगतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. या भीतीनेच अनेक पुरुष खचतात. लघवीतून धातू जातो म्हणून मी अशक्त झालो, असं त्यांना वाटत राहतं. डॉ. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली या त्रासाला 'धात सिंड्रोम' नाव दिलं. त्यात भीती हे मूळ असतं. अशा माणसाला समजावून सांगितलं, मनाचे उपचार दिले की बरं वाटू शकतं.

पॉइस वेगळा. वीर्याबद्दल काहीच भीती नसलेल्या माणसालाही तो होतो. ठरावीक वेळी सुरू होतो, ठरावीक दिवसांनी जातो, आणि मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत असतो. दोन्हींत माणसाचा त्रास खरा असतो. पण दोन्हींत वीर्य कमी पडलं म्हणून काही होत नाही. शरीर वीर्य सतत तयार करत असतं.

हा फरक कळला नाही की माणूस भिंतीवरची जाहिरात वाचून जातो. तिथे शक्तीची पुडी मिळते, महागडी भस्मं मिळतात. लैंगिक शक्ती वाढवायच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, हे लक्षात ठेवा. ज्याची जाहिरातच बेकायदा आहे, त्याच्यासाठी गटाचं कर्ज काढू नका.

वहीत काय लिहायचं?

शाळेची साधी वही घ्या. नवऱ्याने स्वतः लिहिलं तर उत्तम. आठ गोष्टी लिहायच्या. संबंध किंवा वीर्यपतन झालं ती तारीख आणि वेळ. त्रास किती वेळाने सुरू झाला. काय काय झालं. थर्मामीटर लावून ताप किती आला. त्रास किती दिवस राहिला. कामाचे खाडे किती पडले. कोणती औषधं घेतली. आणि आठवी, सगळ्यात महत्त्वाची : संबंध न होता असा त्रास झाला का? झाला असेल तर तेही लिहा. कारण तसं असेल तर आजार दुसरा असू शकतो. रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर, टीबी, काहीही. ते आधी तपासायला हवं.

दोन-तीन महिन्यांची नोंद झाली की वही घेऊन एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मेडिसिन, त्वचा व गुप्तरोग, मूत्ररोग, मानसोपचार असे विभाग असतात. केसपेपर काढताना "ताप-अशक्तपणा" एवढं सांगितलं तरी चालतं. आत गेल्यावर मात्र स्पष्ट सांगा. तोंडाने सांगवत नसेल तर वही पुढे करा. हा आजार दुर्मिळ आहे, म्हणून प्रत्येक डॉक्टरांनी तो पाहिलेला नसतो. इंग्रजी नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवर मराठीत उघड लिहिलं. मग आपण निदान डॉक्टरांसमोर तरी बोलूया.

काही त्रास मात्र वहीत लिहीत बसायचे नाहीत. संबंधाच्या वेळी अचानक असह्य डोकं दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, ओठ-चेहरा सुजणं, चक्कर येऊन पडणं. यात त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक. संबंधानंतर तुम्हाला स्वतःला त्या जागी खाज, आग, सूज येत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा क्वचित नवऱ्याच्या वीर्याची अॅलर्जी. अॅलर्जी असेल तर निरोध वापरल्यावर त्रास थांबतो. डॉक्टरांना दाखवा. पॉइसमध्ये निरोधाचा उपयोग होत नाही, कारण तिथे त्रास पुरुषाला स्वतःच्या शरीरातूनच होतो.

घरात कसं निभवायचं?

असा नवरा हळूहळू बायकोला टाळायला लागतो. तिला वाटतं, मी नकोशी झाले, बाहेर कुणी आहे. त्याला वाटतं, मी पुरुषच राहिलो नाही. दोघंही बोलत नाहीत. म्हणून पहिलं काम बोलण्याचं. "तुमचं माझ्यावर मन नाही का" असं विचारण्यापेक्षा "नंतर तुम्हाला काय होतं" असं विचारा. उत्तर लवकर मिळतं.

दुसरं, दिवस ठरवा. दुसऱ्या दिवशी लांबची गाडी, काढणी, मुलाची परीक्षा असेल तर नको. मूल हवं असेल तर पाळी आणि बीज सुटण्याचे दिवस डॉक्टरांकडून समजून घ्या, म्हणजे थोड्या वेळात काम होतं. तिसरं, शेजारी बसणं, हात धरणं, डोक्याला तेल लावणं याने कुणी आजारी पडत नाही. जवळीक बंद करू नका. आणि मन फार खचलं, जगणं नको वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. रात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत.

आता त्या ताईंचं सांगते. तीन महिन्यांत वहीत पाच नोंदी झाल्या. पाचही वेळा त्याच रात्री त्रास सुरू, चौथ्या दिवशी बरे. मधल्या दिवसांत एकही नाही. पहिल्या डॉक्टरांनी वही न उघडताच "डोक्यातलं आहे" म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी शेवटपर्यंत वाचली, आणखी काही तपासण्या केल्या आणि हे नाव सांगितलं. आजार गेलेला नाही. औषधाने चारचे दोन दिवस झालेत. टेम्पोला रविवारी सुट्टी असते म्हणून ती दोघं शनिवार बघतात. हप्ता आता वेळेवर येतो.

पण ताई मला भेटायला आल्या त्या हप्ता सांगायला नाही. म्हणाल्या, "मॅडम, काल ह्यांनी आईला सांगितलं. आई, आजार माझ्या अंगात आहे, हिला काही बोलू नकोस." एवढं सांगून त्यांनी डोळे पुसले आणि बैठकीला येऊन बसल्या.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल तर हे बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवा. नाव कुणाचं घेऊ नका, वही मात्र जरूर द्या. नमस्कार.