चरबीचे कोठार भरते तेव्हा…

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त, अशा भारतीय शरीरयष्टीचे हे बोलके उदाहरण ठरले.

चरबी म्हणजे निव्वळ साठा नव्हे. तो एक जिवंत अवयव आहे. त्यात मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल असतात. गरजेप्रमाणे त्यांच्यापासून चरबीच्या नव्या पेशी तयार होतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की चरबीच्या पेशींची संख्या साधारण तरुणपणापर्यंत ठरते. पुढे दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्याने जन्मतात. वजन घटले तरी पेशी फक्त लहान होतात, त्यांची संख्या कमी होत नाही.

खरा प्रश्न आहे तो जास्तीचे अन्न साठवायचे कुठे हा. मूळ पेशींनी नव्या पेशी पुरवल्या, तर चरबी त्वचेखाली सुरक्षित राहते. तो पुरवठा अपुरा पडला, की जुन्याच पेशी फुगतात. फुगलेल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो, भोवती दाह सुरू होतो आणि चरबी ओसंडून यकृतात, स्नायूंत साचते. तिथे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि मधुमेहाची वाट मोकळी होते.

याला दोन पुरावे आहेत. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात त्वचेखाली चरबीच नसते, तरीही रुग्णांना तीव्र मधुमेह होतो. उलट पायोग्लिटाझोन हे औषध नव्या चरबीपेशी तयार व्हायला मदत करते. त्याने वजन थोडे वाढते, पण रक्तातील साखर उतरते!

म्हणजे चरबी किती आहे, याइतकेच ती कुठे आहे हेही महत्त्वाचे. म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही हवी. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर 'मी तर बारीकच आहे' असे म्हणून न थांबता साखर तपासून घ्यावी. रोजचे चालणे आणि बेताचा आहार यांनी यकृतातील चरबी घटते, कोठारावरचा ताणही हलका होतो.