गळाला लावण्याआधी झिंगा एकदा नीट बघा

अमेरिकेत नदीवर मासे धरणाऱ्यांचं एक आवडतं आमिष म्हणजे क्रेफिश. दोन जाडजूड नांग्यांचा, दगडाखाली दडून राहणारा हा प्राणी म्हणजे शेवंडीचा गोड्या पाण्यातला नातलग. कराडला प्रीतिसंगमावर गळ टाकून बसणाऱ्याला मात्र तो सापडायचा नाही. कृष्णेत नाही, कोयनेत नाही. भारतातल्या कुठल्याच नदीत क्रेफिश मूळचा नाही. इथे गळाला लावतात गांडुळं, कणकेचे गोळे, आणि वांब, मरळ किंवा शिंगटा हवा असेल तर नदीतलेच झिंगे नि छोटे खेकडे.

क्रेफिश आपल्याकडे नाही, ही साधी गोष्ट नव्हे. जगात त्याच्या ६००हून अधिक जाती आहेत. उत्तर अमेरिका, युरोप, पूर्व आशिया, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड एवढा त्याचा पसारा. इतकंच काय, मादागास्कर बेटावरही त्याच्या खास जाती आहेत. आणि हेच मादागास्कर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारताला जोडलेलं होतं! दोघं वेगळे झाले, भारत उत्तरेकडे सरकत गेला. मग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या पोटातून लाव्हारसाचे थरांवर थर बाहेर आले. कराडजवळची आगाशिवची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तो दगड याच लाव्ह्याचा. क्रेफिश इथे नसण्यामागे या उलथापालथीचा हात असू शकेल. दुसरी शक्यता खेकड्यांची. आज जिथे गोड्या पाण्यातले खेकडे भरपूर, तिथे क्रेफिश बहुतेक नसतातच. आणि सह्याद्री तर खेकड्यांचं माहेरघर आहे.

क्रेफिश नसला तरी कृष्णाकाठचा माणूस काही गमावून बसलेला नाही. त्याच्या डब्यात जो झिंगा वळवळतो, तो क्रेफिशसारखाच दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांच्या गणातला आहे. झिंग्यांतल्या एका जातीला तर आपल्या नदीचंच नाव आहे. शास्त्रज्ञ के. के. तिवारी यांनी १९५२ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज ती 'मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्स' म्हणून ओळखली जाते. किस्टना म्हणजे आपली कृष्णा.

असा एक झिंगा पाण्यासकट ओंजळीत घ्या. अंग इतकं पारदर्शक की तळहाताच्या रेषा त्यातून दिसाव्यात. पाठीच्या आत काहीतरी धडधडताना दिसतं, ते त्याचं हृदय. पायांच्या पुढच्या दोन जोड्यांना टोकाला बारीक चिमटे. त्यांनी तो सतत काहीतरी उचलून तोंडाशी नेत असतो. पोटाखाली बारीक अंड्यांचा घोस चिकटलेला असेल तर ती मादी. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती अंडी अंगावरच वागवते आणि पोटाखालचे पाय हलवून त्यांना ताजं पाणी देत राहते.

आता डोळे बघा. रात्री काठावरून पाण्यात विजेरी मारली की झिंग्यांचे डोळे लालसर चमकतात. माशीचा डोळा षटकोनी कप्प्यांचा असतो. झिंग्याचा मात्र आलेखाच्या वहीसारखा, चौकोनी चौकटींचा. प्रत्येक चौकटीच्या भिंती आरशाचं काम करतात. शेकडो चौकटींत शिरलेला प्रकाश या आरशांवरून उडून एकाच जागी जमा होतो, म्हणून गढूळ, अंधाऱ्या पाण्यातही त्याला दिसतं. ही किमया १९७५-७६ च्या सुमारास क्रेफिश नि कोळंबीच्या डोळ्यांत उलगडली. १९७९ साली रॉजर एंजल या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलं, की याच रचनेची दुर्बीण केली तर आकाशाचा मोठा भाग एका दमात क्ष-किरणांत पाहता येईल. २०२४ च्या जानेवारीत चीनने सोडलेल्या 'आइनस्टाइन प्रोब' उपग्रहावर अशाच दुर्बिणी आहेत. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट टिपणारी युक्ती आपल्या नदीत दगडाखाली बसलेली आहे!

माशाला झिंग्याची एवढी ओढ का? पहिलं कारण त्याची उसळी. धोका जाणवला की झिंगा शेपूट पोटाखाली दुमडतो आणि सपकन मागे उडतो. क्रेफिशमध्ये ही उसळी राक्षसी आकाराच्या मज्जातंतूंमुळे होते. अशा एकाच तंतूला चेतवलं तरी अख्खी उसळी घडते, हे विर्स्मा या शास्त्रज्ञाने १९४७ साली दाखवलं. शेपटीला स्पर्श झाल्यापासून स्नायू आखडेपर्यंत सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग जातो. पाण्यातला हा हादरा माशाला अंगावरच्या संवेदी रेषेने जाणवतो. गळ शेपटीत अडकवला की झिंगा बराच वेळ जिवंत राहतो, आणि त्याची धडपडच माशाला बोलावणं धाडते.

दुसरं कारण चव. झिंग्याच्या मांसात ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं मुबलक असतात. आपल्या जिभेला कोळंबी गोड लागते ती त्यांच्यामुळेच. ती पाण्यात विरघळत जातात. शिंगट्याला ती कळायला तोंड उघडावंही लागत नाही, कारण त्याच्या मिशांवर आणि अंगभर रुचिकलिका असतात. १९७१ साली अमेरिकेतल्या शिंगट्याच्या एका भाऊबंदाच्या कातडीवर त्या मोजल्या, तेव्हा आकडा १,७५,००० च्या वर गेला. म्हणजे शिंगटा अंगाने चव घेत पोहतो. पुरानंतर गढूळ झालेल्या पाण्यात, काळ्याकुट्ट रात्रीही त्याला आमिष सापडतं ते यामुळे.

तिसरं कारण कात. वाढायचं तर झिंग्याला जुनं कवच सोडावंच लागतं. नवं कवच घट्ट होईपर्यंत तो मऊ आणि असहाय असतो, आणि मासे त्यावर तुटून पडतात.

इतक्या गुणांच्या आमिषाने परदेशात मोठा घोळही केला आहे. अमेरिकेत ओहायो नदीच्या खोऱ्यातला 'रस्टी क्रेफिश' गळ टाकणाऱ्यांच्या डब्यांतून उत्तरेकडच्या तळ्यांत पोहोचला. उरलेलं आमिष पाण्यात सोडून देणं एवढंच निमित्त. त्याने तळ्यांतल्या पाणवनस्पती फस्त केल्या आणि तिथल्या क्रेफिशांना हुसकावलं. जर्मनीत १९९०च्या दशकात शोभेच्या टाक्यांत आढळलेला संगमरवरी क्रेफिश तर त्याहून अजब. या जातीत नरच नाहीत. मादी एकटीच अंडी घालते आणि प्रत्येक पिल्लू तिचीच नक्कल असतं. एक मादी सुटली तरी नदी भरायला पुरे. मादागास्करच्या भातखाचरांत तो आज सर्वदूर पसरला आहे.

आपल्या नद्यांनी चिलापी या परदेशी माशाचा हैदोस पाहिला आहे, आता आणखी पाहुणे नकोत. म्हणून कृष्णाकाठी गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. ज्या पाण्यात मासे धरायचे, झिंगा त्याच पाण्यातला घ्या. उरलेले झिंगे दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका. पोटाखाली अंडी असलेली मादी गळाला न लावता जिथली तिथे सोडा. आणि घरातल्या काचेच्या टाकीत हौसेने आणलेला क्रेफिश असेल, तर तो नको झाल्यावरही नदीत, ओढ्यात, विहिरीत कुठेच सोडू नका. वांब आणि शिंगटे यापुढेही गळाला लागायचे असतील, तर नदीतला झिंगा आधी टिकला पाहिजे.